सर्वांत जुनं अवतरण

कोशाचा पाचवा खंड 'लोभ' या शब्दापाशी सात आठवडे अडून बसला होता. त्याला तिथे बसवून ठेवणारी बाई मात्र विचारील त्याला सांगत होती, की सगळी चूक पोस्टाची आहे.

या बाईला कचेरीत चिठ्ठीबाई म्हणत. तोंडावरही म्हणत आणि माघारीही, त्यामुळे तिचं त्यात काही वाईट वाटून घ्यायचं राहिलं नव्हतं. सव्वीस वर्षं तिने चिठ्ठ्याच लावल्या होत्या. टायरच्या दुकानावरचा दुसरा मजला, भिंतीला टेकून बारा लोखंडी कपाटं, कपाटांत खण, खणांत पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्या. चिठ्ठीच्या डोक्यावर शब्द, मध्ये तो शब्द जिथे आलाय ते वाक्य, खाली ते कोण, कुठे, केव्हा म्हणालं, आणि कोपऱ्यात चिठ्ठी पाठवणाऱ्याचं नाव. त्या वाक्याला कचेरीत अवतरण म्हणायचे. नियम दोनच. जुनं अवतरण आधी, नवं नंतर. आणि ज्या वाक्यात तो शब्दच नाही ती चिठ्ठी थेट टोपलीत, मग ती कुणाचीही असो. दोन्ही नियम सरांनी घालून दिलेले. एकदा त्यांनी स्वतःचीच चिठ्ठी टोपलीत टाकून वर म्हटलं होतं, "लिहिणारा झोपेत होता वाटतं."

सर म्हणजे कोशाचे पहिले संपादक. चार वर्षांपूर्वी डोळे गेले म्हणून संपादकाचं काम चिठ्ठीबाईकडे देऊन घरी बसले. बसले म्हणजे शरीराने. रोज चार वाजता चिठ्ठीबाई छापखान्यातून तपासायला आलेली मुद्रितं घेऊन दोन गल्ल्या पलीकडे त्यांच्या घरी जायची आणि त्यांना पानं वाचून दाखवायची. सर डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच म्हणायचे, "इथे स्वल्पविराम नको." पाचवा खंड, 'य'पासून 'ल'पर्यंतचा, हा त्यांच्या हाताने कच्चा लिहून झालेला शेवटचा खंड. सहावा त्यांच्या आयुष्यात व्हायचा नाही हे सगळ्यांना माहीत होतं, त्यांना सर्वांत आधी.

बाकीचे सगळे फर्मे छापून, घड्या घालून छापखान्यात थप्प्या लावून पडले होते. राहिला होता शेवटचा. सोळा पानांचा तेवढा एक फर्मा, ज्यात 'लोभ' होता, त्यामागून 'लोहार', 'लोळणे' आणि 'लौकिक' ताटकळत उभे होते. चिठ्ठीबाईने कोपऱ्यात 'छापावे' लिहून सही केली, की तिसऱ्या दिवशी बांधलेला खंड हातात. छापखानेवाला दर सोमवारी फोन करायचा.

"बाई, लोहाराने काय घोडं मारलंय? त्याला तरी जाऊ द्या."

"पुढच्या सोमवारी नक्की."

"मागच्या सोमवारीही पुढचाच सोमवार होता."

चिठ्ठीबाई हसून फोन ठेवायची. ठेवल्यावर मात्र तिचं हसू फार वेळ टिकायचं नाही.

अडलं होतं ते असं. लोभ हा शब्द ज्या संस्कृत धातूवरून आला, त्या 'लुभ्'चा एक जुना अर्थ हाव धरणं हा नाहीच. तो आहे भांबावणं, गोंधळणं, वाट चुकणं. हवंसं वाटणं हे त्याच्या जोडीला आलेलं. सरांनी तीस वर्षांपूर्वी कच्च्या नोंदीत हे लिहिलं होतं, आणि त्याखाली एक ओळ: 'मूळचा हा अर्थ मराठीत उतरलेला दिसत नाही.' झालं. एवढीच ओळ. पण दूरगावी राहणाऱ्या, तीस वर्षं कोशाला चिठ्ठ्या पाठवणाऱ्या एका निवृत्त मास्तरांचं सात आठवड्यांपूर्वी कार्ड आलं. त्यांच्या भावाच्या ट्रंकेत घराण्यातलं एक जुनं पत्र आहे. त्यात कुणी प्रवासी लिहितो, की धुक्यात लोभलो आणि रात्रभर एकाच टेकडीला फेऱ्या घातल्या. नक्कल करून पाठवतो. लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

ते कार्ड चिठ्ठीबाईने उभ्याउभ्या दोनदा वाचलं. लोभलो, म्हणजे वाट चुकलो. अर्थ उतरला होता. कुणाच्या लक्षात आला नव्हता एवढंच. सरांच्यासुद्धा.

इथे तिचं मन जरा उघडून दाखवायला हवं, कारण तिने स्वतः ते कुणाला दाखवलं नसतं. सरांवर तिची माया होती, भक्ती म्हटलं तरी चालेल. पण सव्वीस वर्षांत सरांची एक ओळसुद्धा तिला खोडता आली नव्हती. किती वेळा ती धावत गेली होती आणि सरांनी दोन वाक्यांत तिला परत पाठवलं होतं, प्रेमानेच, पण परत. आता ही ओळ ती खोडणार होती. पुराव्यानिशी. लाल शाईची पट्टी ती मनात दिवसातून दहा वेळा ओढून बघायची आणि दर वेळी तिला तितकंच बरं वाटायचं.

मास्तरांचा गुडघा मध्ये आला. मग भाऊ गावाला गेला. मग ट्रंकेची किल्ली सापडेना. दर आठवड्याला एक कार्ड, 'या आठवड्यात नक्की'. चिठ्ठीबाई ती कार्डं पर्समध्ये घेऊन हिंडत होती.

घरी तिची थोरली बहीण होती. दोघीच राहायच्या. ताई शिवणकाम करायची आणि शिवता शिवता स्पष्ट बोलायची.

"सर कसे आहेत?"

"आहेत. आवाज बारीक झालाय."

"आणि तुझं पुस्तक?"

"एक कागद यायचाय, ताई."

"तुझं नेहमी एक यायचंच असतं." ताईने दाताने दोरा तोडला. "लहानपणी बोरं वेचायला गेलीस तर काळोख पडेपर्यंत घरी यायची नाहीस. आणखी एक, आणखी एक. मी ओच्यातली बोरं धरून उभी, आणि तू झाडाखाली."

"बोरं आणि कोश एकच का?"

"मला काय ठाऊक, मी शाळा सोडलेली," ताई म्हणाली आणि मशीन जोरात चालवायला लागली.

चौदा तारखेला सरांनीच विषय काढला. पलंगाला टेकून बसले होते, पायावर शाल. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, खिडकीपाशी औषधांच्या वेळा एका वहीत लिहीत होत्या.

"पाचव्याचं काय झालं गं?"

"होतोय, सर."

"शेवटचा फर्मा तू कधीच वाचून दाखवलास मला. त्यात काही नव्हतं."

चिठ्ठीबाईने मास्तरांचं नाव घेतलं नाही. आधी सांगावं आणि सरांनी त्यातली खोच काढून सगळा फुगा फोडावा, ही भीती एक. आणि आधी सांगितलं तर मजा काय राहिली, हीसुद्धा होतीच. ती म्हणाली, "एवढं एक अवतरण मिळालं की सोडते, सर."

सरांनी पायावरची शाल सारखी केली. मग म्हणाले, "कुठल्या शब्दाचं?"

"लोभ."

"हं," सर म्हणाले. काकूंनी वहीतून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

त्यानंतर पाचव्या दिवशी काकूंचा कचेरीत फोन आला. त्या कधी फोन करायच्या नाहीत. "डॉक्टर म्हणतात, आता दिवसांवर आहे. सारखं एकच विचारताहेत, आला का, आला का. काय सांगू ते सांग."

चिठ्ठीबाई फोन धरून उभी राहिली. समोर टेबलावर शेवटचा फर्मा होता, कोपरा कोरा. सही केली तर तीन दिवस लागणार, आणि तीन दिवस आहेत की नाहीत कोण जाणे. सात आठवड्यांपूर्वी केली असती तर. हे तिच्या डोक्यात आलं आणि तिने ते बाजूला सारलं, ज्या सफाईने ती टोपलीतल्या चिठ्ठ्या सारायची. मास्तरांचं कालचंच कार्ड होतं: किल्ली सापडली, शनिवारी रजिस्टरने पाठवतो. म्हणजे आठ दिवस. फक्त आठ दिवस. आता सही केली तर ती ओळ कायमची तशीच छापली जाणार, आणि कोशाची दुसरी आवृत्ती निघायला आणखी चाळीस वर्षं.

आणि मग तिच्या नजरेसमोर कपाट होतं. चार खंड ओळीने उभे, एकाच निळ्या कापडात बांधलेले, पाठीवर छापलेले आकडे, बोटांना न लागणारे. पाचव्याची जाडी तिसऱ्याएवढीच व्हायची होती, बारा पानं इकडे तिकडे. सरांना दिसत नव्हतं.

माणूस असल्या गोष्टी फार विचार करून करत नाही. विचार केला असता तर केल्याच नसत्या. तिने तिसरा खंड काढला, पिशवीत घातला, शेवटच्या फर्म्याचं मुद्रित पर्समध्ये घातलं आणि चार वाजायच्या आधीच निघाली.

"आला, सर," ती दारातूनच म्हणाली.

काकूंनी सरांना उशीला टेकवून बसवलं. तिने खंड त्यांच्या मांडीवर ठेवला. सरांनी दोन्ही हातांनी तो उचलून पाहिला, पुरता उचलवला नाही, पण अंदाज घेतला. मग कापडावरून तळवा फिरवला. मग अंगठा पुठ्ठ्याच्या कडेकडेने खाली आला, उजव्या कोपऱ्यापाशी थांबला, आणि तिथेच राहिला. सरांनी पुस्तक उघडलं, नाकाशी नेलं आणि मिटलं.

"लोभ वाच," ते म्हणाले.

चिठ्ठीबाईने पर्समधून मुद्रित काढलं. घडी उलगडताना कागद एवढा वाजला, की तिने दोन वेळा खोकून घेतलं. वाचलं. अर्थ पहिला, अर्थ दुसरा, अवतरणं, व्युत्पत्ती. 'मूळचा हा अर्थ मराठीत उतरलेला दिसत नाही' या ओळीशी ती अडखळली.

"ओळ तशीच ठेवलीस?"

"तशीच, सर."

"बरं केलंस," सर म्हणाले. "छान झालाय खंड." मग त्यांनी हात पुढे केला. तिने तो हातात घेतला. हात थंड होता आणि हलका झाला होता. सर म्हणाले, "दमली असशील. जा घरी." एवढ्या वर्षांत त्यांनी तिला घरी जा असं कधी म्हटलं नव्हतं.

ती रिकामी पिशवी घेऊन जिना उतरली. पण कसं का होईना, सरांना समाधान मिळालं, असं तिने घरापर्यंत स्वतःला सांगितलं. निम्म्या वाटेपर्यंत पटलंही.

चौथ्या दिवशी सर गेले.

त्यांच्या घरी ती गेली, सगळ्यांसारखी बसली, सगळ्यांसारखी उठली. काकू तिच्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. दुःखात माणसं बोलत नाहीत, असं तिने धरून चाललं. तिसरा खंड परत मागायची हिंमत होईना. कपाटात दुसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये भोक राहिलं होतं आणि चौथा त्यात तिरका होऊन पडला होता. ती रोज तो सरळ करायची, रोज तो पडायचा. मास्तरांचं रजिस्टर शनिवारी निघालंच नाही, त्यांना ताप आला. फर्म्याची सही तशीच राहिली. आता तर घाई कुणासाठी करायची होती?

तीन आठवडे गेले. एका मंगळवारी सकाळी टपालवाला रजिस्टर पाकीट घेऊन आला. जाड, लाखेने बंद केलेलं, वर मास्तरांचं तिरकं अक्षर. चिठ्ठीबाईने सही करून ते घेतलं आणि खुर्चीत बसली. कात्री खणातून काढते तोच दारात काकू उभ्या दिसल्या. दोन मजले चढून आल्यामुळे धाप लागली होती. हातात कापडी पिशवी.

तिने कात्री ठेवली, खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. काकूंनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला आणि पिशवीतून तिसरा खंड काढून टेबलावर ठेवला, पाकिटाच्या शेजारी.

"तिसरा आहे," काकू म्हणाल्या. "तुझ्या हाती परत द्यायला सांगितलं होतं. म्हणाले, कपाटातला संच अपुरा राहील."

चिठ्ठीबाई पाठीवरच्या आकड्याकडे बघत राहिली.

काकूंनी पुठ्ठ्याच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. कोपरा चेपलेला होता. "वीस वर्षांपूर्वी शिडीवरून त्यांच्याच हातून पडला होता म्हणे. दोन दिवस हळहळत होते. तुलाही ठाऊक असणार."

ठाऊक होतंच. वीस वर्षं तो चेपलेला कोपरा रोज तिच्या डोळ्यांसमोर होता. इतका रोज, की तो दिसायचाच बंद झाला होता.

"आणि नव्या कागदाला, खळीला वास असतो," काकू म्हणाल्या. "तो मलासुद्धा माहीत आहे. चाळीस वर्षं त्यांच्या सदऱ्यांना येत होता."

"काकू, मी..."

"ते नाही रागावले. मी रागावले. तिला बोलू नकोस म्हणाले, म्हणून तीन आठवडे आले नाही. आज आले, कारण हे द्यायचं राहिलं होतं." त्यांनी पिशवीतून एक चिठ्ठी काढली. पोस्टकार्डाएवढी. अक्षर काकूंचं, औषधांच्या वहीतलं, गोल गोल. "तू गेल्यावर सांगून लिहून घेतली. जन्मात पहिली चिठ्ठी लिहिली मी तुमच्या कोशाला."

डोक्यावर शब्द होता: लोभ.

खाली दोन अवतरणं, नियमाप्रमाणे जुनं आधी.

'एवढा एक खंड झाला की संध्याकाळी लवकर येत जाईन.' संपादक, पत्नीस. छत्तीस वर्षांपूर्वी, मुलीच्या शाळेच्या पहिल्या दिवशी.

'एवढं एक अवतरण मिळालं की सोडते, सर.' चिठ्ठीबाई, संपादकास. या महिन्याच्या चौदा तारखेस.

त्याखाली: अर्थ, वाट चुकणे. मराठीत उतरलेला आहे. मागची ओळ खोडावी.

आणि कोपऱ्यात, पाठवणाऱ्याच्या जागी, सरांचं नाव.

"मला विचारलं, मी तुला काय म्हणालो होतो गं तेव्हा," काकू म्हणाल्या. "शब्दन् शब्द सांगितला मी. दुपारभर मुलगी फाटकात उभी होती, बाबा येणार म्हणून. मी विसरेन का? मग मी त्यांना म्हटलं, अहो, पण या वाक्यांत तुमचा तो शब्द कुठे आहे? तर म्हणाले, नाहीच. नियमाने ही टोपलीतच जायला हवी. काय करायचं ते ती ठरवील, संपादक ती आहे."

काकू उठल्या. दारापाशी वळून म्हणाल्या, "तुला जुनं अवतरण हवं होतं ना. तू विचारायचं तरी होतंस. घरातच होतं."

त्या जिना उतरून गेल्या. एक एक पायरी, कठडा धरून. चिठ्ठीबाई त्यांना पोचवायलासुद्धा उठली नाही, तिला ते सुचलंच नाही. ती रडली. कचेरीत ती कधी रडली नव्हती. खाली टायरच्या दुकानात हवा भरायचं यंत्र सुरू होतं, म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही.

मग तिने डोळे पुसले आणि तिसरा खंड जागेवर ठेवला. चौथा सरळ उभा राहिला. चिठ्ठी तिने टोपलीवर धरली, मग खणावर धरली, मग पुन्हा टोपलीवर. शेवटी ती चष्म्याच्या डबीत घातली. कुठल्याच नियमात न बसणारी जागा तेवढी एकच होती.

शेवटचा फर्मा तिने पुढे ओढला. ओळ खोडली नाही. कोपऱ्यात 'छापावे' लिहिलं, सही केली, तारीख घातली. ती तारीख बघून तिला कसंसंच झालं. मास्तरांचं पाकीट तिने उचललं, न उघडता सर्वांत खालच्या खणात ठेवलं, वर जुनी मुद्रितं टाकली आणि खणाला किल्ली लावली. सहावा खंड झाल्यावर बघू. तेव्हाच बघू. तिने छापखान्यात फोन केला.

छापखानेवाला स्वतः आला. सही पाहिली, चष्मा कपाळावर सारून पुन्हा पाहिली.

"बाई, तब्येत बरी आहे ना?"

"न्या आता."

"नेतो, नेतो. तासाभरात मशीनवर चढवतो." त्याने फर्मा गुंडाळी करून काखेत मारला. दारातून वळून तो दात काढत म्हणाला, "तोवर काही आठवलं तर फोन आहेच. गंमत केली हो."

चिठ्ठीबाई हसली. त्याला जिन्यापर्यंत पोचवून आली, दार लोटलं, आपल्या खुर्चीत बसली आणि हात टेबलावर एकावर एक ठेवून बसून राहिली.

छापखानेवाला अजून शेवटची पायरी उतरला नव्हता, तेव्हा खालचा खण उघडा होता आणि तिच्या हातात कात्री होती.